गणितात गेला

"बाई, हायेस का वं घरात?"

ही हाक आली की मी चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतते. आमच्या दोन घरांमध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण आहे. कापूस निघाला की काकूंचा मुलगा गाडीभर पऱ्हाट्या आणून ते नव्यानं बांधतो. मधला हातभर भाग मात्र तो दरवर्षी कमरेएवढाच ठेवतो. तिथून वाट्या, विरजण, चहाचे कप आणि पांढुर्ण्यातल्या बातम्या ये-जा करतात.

त्या दिवशी कप गेला, पण काकूंनी घेतला नाही. खाटेवर जुनं लुगडं अंथरून त्या कुरड्या घालत होत्या. गव्हाचा चीक गरम असतानाच सोऱ्यातून काढावा लागतो, निवला की हात दुखतात आणि कुरडई तुटते. त्यामुळं काकूंचं तोंड माझ्याकडे, हात सोऱ्यावर आणि एक डोळा चिमण्यांवर.

"पोट्टा गेला," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला कप हिंदकळला. "कुठं गेला?"

"गनितात."

मी खाली बसले. नातवाचा दहावीचा निकाल लागला होता. बाकी सगळ्या विषयांत पोरगा बरा, हिंदीत तर पंचाहत्तरच्या वर, आणि गणितात एकोणीस.

"अवं, वही पाहाशीन तं चक्कर येईन तुले. पुढून गनित, मागून गानी. पुढची चार पानं भरली, मागची चाळीस. मंदात तं भेट व्हाची होती दोघाईची!"

ती वही मी पाहिली. मागच्या पानांवर कंपासच्या टोकानं पडलेली भोकं होती आणि त्या भोकांच्या भोवती गाणी लिहिलेली. हिंदी गाणी. एका गाण्यात पावसाळा आणि एक मुलगी, दुसऱ्यात नुसती मुलगी. हिशेबाला धरून एकच ओळ होती, तिच्यात त्यानं मुलीच्या घरापर्यंतची पावलं मोजली होती.

आता माझी चूक सांगते. मी इथल्या हिंदी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. एवढ्या वर्षांत नापास पोरांच्या आयांना जे सांगायची सवय लागली, तेच तोंडातून निघालं.

"काकू, जीवाला लावून घेऊ नका. अहो, माडगूळकर पण मॅट्रिकला गणितातच गेले होते."

"कोन माडगूळकर? ते मेडिकलवाले?"

"नाही हो. गीतरामायणवाले. गदिमा."

सोऱ्या थांबला. गीतरामायण काकूंना ठाऊक. रामनवमीला आमच्या गल्लीतल्या मंडपात सकाळी सातलाच भोंगा लागतो. पण गाणं लिहिणाऱ्यालाही शाळा असते, शाळेत गणित असतं आणि त्यात कोणी जाऊही शकतं, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

"खरं सांगून रायली का वं?"

मग मी सांगत सुटले. गजानन दिगंबर माडगूळकर. जन्म 1 ऑक्टोबर 1919चा, सांगलीकडच्या शेटफळ्याचा. गाव माडगूळ. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता आणि वडील संस्थानात कारकून. माणदेश म्हणजे पाऊस विसरलेला प्रांत. आपल्याकडे निदान जाम नदी आहे, संत्र्याचे बगीचे आहेत. तिकडे बाभळी आणि मेंढरं. आणि जन्माची गोष्ट अशी सांगतात, की मूल रडलंच नाही. गेलेलं समजून पुरायची तयारी झाली. तेवढ्यात सुईणीनं निखारा बेंबीजवळ नेला आणि पोरानं टाहो फोडला.

"माय वं!" काकूंनी चिकाचा हात कपाळाला लावला. पांढरा टिळा लागला. "निखाऱ्यानं उठलेलं पोट्टं! मंग तं ते गानारच!"

"गायले नाहीत. गायले बाबूजी, सुधीर फडके. यांनी लिहिलं."

"तेच ते. आगीचं पोट्टं."

मी पुढंही काही बोलले असते, पण कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघी आपापल्या घरात गेलो. वर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोट्टा बसला होता, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हाक आली नाही. नुसता तांब्या आपटल्याचा आवाज आला.

"काय शिकवून ठेवलं वं माह्या पोट्ट्याले?"

पोट्ट्यानं परत परीक्षेला बसायला साफ नकार दिला होता. बाप म्हणाला फॉर्म भर, तर हा म्हणतो, गदिमा पण गेले होते. आई म्हणाली शिकवणी लाव, तर हा म्हणतो, गदिमांनी कुठं लावली होती? आजीनं दूध आणायला पाठवलं, तर म्हणे कवीला दूध आणायला पाठवत नसतात.

"दूध!" काकू म्हणाल्या. "आनि त्या दुधाचा च्या कोन प्यालं? कवीच प्याला ना!"

आमच्या मध्य प्रदेश सरकारची एक गंमत आहे. दहावी-बारावीत अडकलेल्या पोरांना पुन्हा बसता यावं म्हणून इथं एक योजना निघाली आणि तिचं नाव ठेवलं 'रुक जाना नहीं'. सरळ सिनेमातलं गाणं! मजरूह सुलतानपुरींनी 1974च्या 'इम्तिहान' सिनेमासाठी लिहिलेलं. गाणं लिहिणाऱ्याची ओळ सरकारी कागदावर जाऊन बसली. मी हे काकूंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तू आता गान्याचं नाव घेऊ नको. आदी माह्यं पोट्टं दुरुस्त कर."

तेवढ्यात रेल्वेवाले भाऊ सायकल हातात धरून आले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण माणूस अजून गाडीच्या टायमानं चालतो. नागपूर-इटारसी लायनीवर आयुष्य काढलं, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्टीचं मागचं आणि पुढचं स्टेशन माहीत असतं असा त्यांचा समज आहे. पिशवीत लोणच्याच्या कैऱ्या होत्या. कुंपणाला सायकल टेकवली म्हणजे तासाची निश्चिंती.

"काय भांडण चालू आहे?"

"भांडन नाई. माडगूळकर चालू हाये," काकू म्हणाल्या.

"हा! आपला 'दो आँखें बारह हाथ'वाला. त्यातली काय गाणी लिहिली आहेत माणसानं!"

इथं मला थांबवावं लागलं. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामांचा 1957चा सिनेमा. त्याची कथा गदिमांची, पण गाणी भरत व्यासांची. भाऊंना हे पटेना. गाणी लिहिणाऱ्या माणसानं त्याच सिनेमात नुसती गोष्ट लिहावी, हे त्यांना इंजिन ड्रायव्हरनं गार्डाच्या डब्यात बसावं तसं वाटलं.

"पण गाण्यापेक्षा गोष्टच भारी आहे, भाऊ. ती कुठून आली ते ऐका."

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला माणूस. त्यांच्या संस्थानात आटपाडीजवळ 1939च्या सुमारास एक वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर भारतात येऊन गांधीजींच्या विचारांचे झाले होते, त्यांच्या डोक्यातली कल्पना. कैद्यांना भिंतीआड कोंडायचं नाही, जमीन द्यायची, बायकापोरं जवळ राहू द्यायची, शेती करायला लावायची. पळायचं तर पळा, कुंपण नाही. सिनेमातले सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर नुसत्या नजरेचा पहारा ठेवणारा जेलर तिथून आले. सहा जणांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे. आटपाडी म्हणजे गदिमांच्या शाळेचं गाव. जे आपल्या वेशीबाहेर होतं, तेच त्यांनी लिहिलं. बर्लिनला 1958 साली त्या सिनेमाला रुपेरी अस्वल मिळालं.

"अस्वल?" काकू म्हणाल्या.

"बक्षिसाचं नाव आहे, काकू."

"मी पायलाय तो सिनेमा. मी नवीन नवरी होती. तंबूत आलता. त्यात तो बैल हाये ना, मानसाच्या अंगावर येते तो? मी ह्याईचा हात धरला तं सासू तीन दिवस बोलली नाई." काकूंनी क्षणभर सोऱ्याकडे पाहिलं. "तो हिंदी सिनेमा आपल्या मानसानं लिहिला?"

आपल्या माणसानं. हा शब्द आमच्या गावात जरा जपून वापरावा लागतो. 1956 साली राज्यं नव्यानं आखली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. पांढुर्णा आणि सौंसर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार आम्ही मराठीत खेळतो, जामसावळीच्या हनुमानाला नवस मराठीत बोलतो आणि पोरांची प्रगतिपुस्तकं हिंदीत सही करतो. ऑक्टोबर 2023मध्ये दोन तहसिली मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला. पाटी बदलली, प्रगतिपुस्तक तेच. त्यामुळं हिंदी सिनेमाच्या पोटात मराठी माणूस सापडला की काकूंना लेकीच्या सासरी माहेरचं भांडं दिसल्यासारखं होतं.

भाऊंनी मान डोलावली, पण हार मानली नाही. "बरं, ते राहू द्या. पण गीतरामायण सोडलं तर त्यांचं दुसरं काय आहे लोकांच्या तोंडी?"

मी म्हटलं, "तुमच्या भजनी मंडळात दर गुरुवारी आळंदीचं गाणं म्हणता ना? ज्ञानोबांच्या समाधीचं, भीमसेनांनी गायलेलं?"

"तो अभंग आहे. तुकोबांचा."

"तो 1953चा सिनेमा आहे. 'गुळाचा गणपती'. गोष्ट, दिग्दर्शन, संगीत सगळं पु. ल. देशपांड्यांचं आणि ते गाणं गदिमांचं."

भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीस वर्षं हात जोडून, डोळे मिटून, शेवटी तुकोबांच्या नावानं गजर करून म्हटलेलं गाणं सिनेमाचं निघालं. "मग आम्ही आरती लावतो त्याचं काय?"

"लावत जा. त्यांना काय वाईट वाटणार आहे?"

खरं सांगायचं तर गीतकाराला याहून मोठी पावती नाही. भाऊंना मात्र तो आपल्या मंडळाचा अपमान वाटला आणि पुढची दहा मिनिटं ते कैऱ्याच मोजत राहिले. मी आणखी दोन घाव घातले. आपल्या पोरांना झोपवताना म्हणतो ते मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीचं गाणं त्यांचंच, आणि बदकांच्या पिल्लांत एक वेडंविद्रं पिल्लू असतं तेही. आगगाडीवर भाऊ जरा खुलले.

आता काकूंनी मूळ मुद्द्याला हात घातला. बायका सिनेमाच्या गप्पांत कितीही रमल्या तरी चुलीवरचं लक्ष सुटू देत नाहीत.

"ते सगळं झालं. गनितात गेला त्याच्या मंग काय केलं त्यानं? पोट कशानं भरलं? घरात बसून गानी लिहिली?"

हाच प्रश्न मी पहिल्या दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. मी म्हणाले, "हाक मारा त्या पोट्ट्याला. खाली येऊ दे."

पोट्टा आला. केस विंचरलेले, चेहरा शहीद झाल्यासारखा. कुंपणाच्या बुटक्या भागाशी उभा राहिला.

मॅट्रिक हुकल्यावर गदिमा 1938 साली कोल्हापूरला गेले, हंस पिक्चर्समध्ये. कवी म्हणून कोणी बोलावलं नव्हतं. त्या वर्षीच्या 'ब्रह्मचारी' सिनेमात बारीकसं काम मिळालं. गोष्ट आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक मास्टर विनायक, सगळी मोठी माणसं आणि हा त्यांच्यात खेड्यातून आलेला विशीच्या आतला पोरगा. मग वि. स. खांडेकरांकडे लेखनिक झाला.

"लेखनिक म्हणजे?" पोट्ट्यानं विचारलं. त्याचा पहिला शब्द.

"खांडेकरांची नजर अधू होती. ते सांगायचे, लेखनिक लिहून घ्यायचा. शब्द त्यांचे, हात याचा. ययाति लिहिणारे खांडेकर, पुढे मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते. अशा माणसाचं वाक्य कुठं वळतं, कुठं थांबतं, कुठला शब्द तो सांगून परत मागे घेतो, हे रोज कानानं ऐकायचं आणि हातानं उतरवायचं. स्वतःची एक ओळ घुसवायची नाही."

"मग स्वतःचं कधी लिहिलं?"

"1942पासून सिनेमात गाणी यायला लागली. 'पहिला पाळणा', 'भक्त दामाजी'. पण गावोगावी नाव झालं ते 'रामजोशी'नं. तो 1947चा. शांतारामांच्या राजकमलचा. मोज किती वर्षं झाली."

पोट्ट्यानं ओठ हलवले. "नऊ."

"एवढं गनित येते तं एकोनीसच कसे मिळाले?" आजी.

"नऊ वर्षं दुसऱ्यांचं काम केलं," मी म्हणाले. "मॅट्रिकला गेले म्हणून ते मोठे झाले नाहीत. मॅट्रिकला हजारो गेले. त्या वर्षी औंधात तो एकटाच थोडा नापास झाला असेल?"

भाऊंना सिनेमांची नावं पाठ. 'रामजोशी' निघाल्यावर त्यांची गाडी सुटली. "मग राजा परांजपे! राजाभाऊ, गदिमा आणि फडके. 'लाखाची गोष्ट' 1952ची, त्याच वर्षी 'पेडगावचे शहाणे', मग 'ऊनपाऊस', मग 'जगाच्या पाठीवर' साठ साली. 'लाखाची गोष्ट'मध्ये सासरा म्हणतो, मुलगी पाहिजे तर आधी लाख रुपये उडवून दाखव. ठरल्या मुदतीत. आणि पोराला पैसे उडवताच येत नाहीत!"

"आपल्या इकडच्या संत्रावाल्याले द्याचे," काकू म्हणाल्या. "एक गारपीट झाली का एका रातीत उडते लाख. सासऱ्याले बी संगं उडवते."

'ऊनपाऊस'ची गोष्ट भाऊंनी काकूंना सांगितली नाही, बरं केलं. म्हातारा मास्तर, त्याची बायको आणि दोघांना वेगळं करणारी मुलं. काकूंचा धाकटा मुलगा नागपूरला आहे आणि त्याच्या घरी आईवडिलांना पाळीपाळीनं बोलावतात.

कादंबरीही त्यांनी लिहिली, 'आकाशाची फळे'. तीच गोष्ट 1961 साली 'प्रपंच' सिनेमात दिसली. कुंभाराचं घर, तोंडं जास्त आणि घास कमी. त्यातलं फिरत्या चाकाचं गाणं आमच्याकडच्या प्रत्येक कुंभारवाड्यात माहीत आहे. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या लिखाणात हे चाकाचं गाणं वरचढ वाटतं, गीतरामायणाहूनही. कुंभाराला देव म्हणता म्हणता देवालाच जाब विचारायचा आणि ऐकणाऱ्याला तो जाब भजनासारखा वाटायचा, हे सोपं नाही. भाऊ माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, रामासमोर मडकं ठेवू नये.

1947 ते 1977, तीस वर्षांत मराठी सिनेमेच दीडशेच्या वर. वर हिंदी, 'नवरंग'सारखे. म्हणजे वर्षाला पाच आणि प्रत्येकात कधी गोष्ट, कधी संवाद, कधी गाणी, कधी तिन्ही. सगळं दुसऱ्याच्या मागणीवर. निर्माता दारात, संगीतकार पेटी घेऊन समोर, उद्या सेटवर गाणं पाहिजे. आपल्याकडे असं एक खूळ आहे की मागणीवर लिहिलेलं हलकं आणि मनात आलं म्हणून लिहिलेलं भारी. मी शाळेत मुलांना असंच शिकवलं, हेही कबूल करते. पण मग गीतरामायणाचं काय करायचं?

"गीतरामायण तं भक्तीनं लिहिलं असंन," काकू म्हणाल्या.

"रेडिओच्या मागणीवर लिहिलं, काकू."

पुण्याचं आकाशवाणी केंद्र 1953 साली निघालं. तिथं सीताकांत लाड नावाचे अधिकारी होते, गदिमांचे मित्र. लोकांसाठी काहीतरी मोठं कर म्हणून ते मागे लागले. 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार. त्या दिवशी पहिलं गाणं वाजलं आणि मग दर आठवड्याला एक, पुढच्या रामनवमीपर्यंत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, केवढे गळे! चाली फडक्यांच्या. आठवडा संपला की नवं गाणं हवं, ताप असो, पाहुणे असोत, सिनेमावाला दारात असो. असं सांगतात की पहिल्याच गाण्याचा कागद फडक्यांकडून हरवला. प्रसारण तोंडावर. लाडांनी गदिमांना खोलीत बसवलं, बाहेरून कडी लावली आणि थोड्या वेळात ते गाणं पुन्हा लिहून बाहेर आलं.

पोट्टा हसला. काकू नाही हसल्या. "कडी लावावं लागते," त्या नातवाकडे पाहून म्हणाल्या.

"आणि गणित सांगते तुला," मी पोट्ट्याला म्हटलं. "वर्षाचे आठवडे किती?"

"बावन्न."

"गीतरामायणातली गाणी छप्पन्न. चार जास्त कशी?"

तो विचारात पडला. भाऊही पडले. उत्तर काकूंनी दिलं, तेही चिकाच्या भांड्याचा तळ खरवडताना. "त्या साली धोंड्याचा मयना असंन."

बरोबर. 1955 साली अधिक मास होता. म्हणून रामनवमी लांबली, 19 एप्रिल 1956ला आली आणि गाणी वाढली. गणितात गेलेल्या माणसाच्या गळ्यात पंचांगानं चार आठवड्यांचं जादा काम टाकलं.

"जावयाले अनारसे आनि ह्याले गानी," काकू म्हणाल्या आणि आता कुठं हसल्या.

त्याच 1955 साली त्यांच्या धाकट्या भावाची, व्यंकटेशची, 'बनगरवाडी' आली. घरात थोरले अण्णा आणि धाकटे तात्या. एकाच्या हातून वर्षभर राम, दुसऱ्याच्या हातून मेंढपाळांची वस्ती आणि शाळामास्तर. भाऊंनी विचारलं, तात्यांचं शिक्षण किती? मी उत्तर दिलं नाही. पोट्टा समोर होता आणि तात्यांचीही शाळा अर्धीच राहिलेली. एका आठवड्यात एकच नापास पुरे.

पुढचं मी भरभर सांगितलं, कारण मानसन्मानात काकूंना रस नसतो. 1962पासून बारा वर्षं विधान परिषदेत होते. 1969ला पद्मश्री. 1973ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या संमेलनाला माझे वडील पांढुर्ण्याहून गेले होते, शेजाऱ्याची छत्री आणि घरचे धपाटे घेऊन. परत आले ते छत्री विसरून. आईनं विचारलं, काय पाहिलं? म्हणाले, माणूस अंगानं भारदस्त आहे आणि शब्द लोण्यासारखा निघतो. छत्रीचं भांडण पुढे वर्षभर चाललं. घरात मराठी टिकली ती वडिलांच्या त्या ट्रंकेमुळं, जिच्यात गदिमांचं 'मंतरलेले दिवस' अजून आहे, वाळवीनं एका कोपऱ्यातून वाचायला घेतलेलं.

14 डिसेंबर 1977ला पुण्यात गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

"लवकर गेले," काकू म्हणाल्या. "निखाऱ्यानं आनलेलं आयुष्य किती पुरनार?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. चिमणीनं तेवढ्यात एक कुरडई उचलली. आज काकूंनी तिला हाकललंही नाही.

मग काकूंनी फर्मान काढलं. मी हे सगळं इतकं का लांबवलं, ते त्यांच्या त्या चार वाक्यांसाठी. "पोट्ट्या, उद्या फॉर्म भर्जो. गनित काढाचं. आनि सांजच्या वक्ती वही घेऊन माह्यापाशी बसाचं. मी सांगन, तू लिहिजो. आपली एक ओळ घालाची नाई."

"काय सांगशील तू?"

"वव्या. माह्या मायच्या. जात्यावरच्या. ह्या बाईले साऱ्या सांगून झाल्या, पन लिहून कोनी घेतल्या नाईत."

ही चपराक मला होती. तीस वर्षांत कुंपणावरून काकूंच्या तोंडून मी किती ओव्या ऐकल्या असतील, एकही उतरवून घेतली नाही. ऐकायच्या, वा म्हणायचं, वाटी परत करायची.

आता रोज संध्याकाळी दिवेलागणीला तो बसतो. पहिल्या दिवशी अकरा ओव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कवी रुसला, कारण त्याला एक ओवी "सुधारायची" होती. काकूंनी त्याला आत कोंडलं नाही, फक्त त्या दिवशीचा रसाचा आंबा धाकट्या बहिणीला दिला. तिसऱ्या दिवशी सतरा झाल्या. फॉर्म भरला गेला. सकाळी भाऊ त्याला गाड्यांच्या वेळापत्रकावरून वेळ-अंतराची गणितं घालतात आणि एकही गाडी वेळेवर न आल्यामुळं उत्तरं चुकतात अशी पोट्ट्याची तक्रार आहे.

परवा वही तपासायला माझ्याकडे आली. काकूंचं माहेर वरूडकडचं. त्यांच्या तोंडून पुष्कळदा ळ येत नाही, य येतो, म्हणून त्या "डोया" म्हणतात. पोट्टा हिंदी शाळेतला, त्याच्या हाताला ळ माहीत नाही, तो "डोला" लिहितो. आणि मी मास्तरीण, माझी लाल पेन्सिल "डोळा" करायला निघालेली. पहिल्या पानावर मी तीन ठिकाणी दुरुस्ती केली. मग खांडेकरांच्या लेखनिकाची आठवण झाली आणि पेन्सिल खाली ठेवली. पोट्ट्याला सांगितलं, आजी म्हणते तसंच लिही.

वहीत सध्या त्रेसष्ट ओव्या आहेत आणि डोळा तिन्ही प्रकारांनी आहे.